सोलापूरचा खो-खो आणि कुमारांचे संघ

खो-खोचा सामना पाहणाराचे लक्ष बहुधा पळणाऱ्या गड्याकडे लागते. जाणत्याची दृष्टी मात्र ओळीत बसलेल्या आठ जणांवर असते. हे आठ गडी मध्यपाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात, आणि नववा पाठलाग करतो. त्याला मध्यपाटी ओलांडण्याची मुभा नाही. एकदा धरलेली दिशा खांब गाठीपर्यंत सोडताही येत नाही. पळणारा मात्र वाटेल तिकडे वळतो. ही उणीव भरून निघते ती योग्य क्षणी सोबत्याच्या पाठीवर थाप देऊन दिलेल्या ‘खो’ने. सोबती कोणत्या क्षणी उठेल हे न पाहता कळावे लागते, आणि असे कळणे वर्षानुवर्षांच्या सहवासावाचून येत नाही. म्हणून अठरा वर्षांखालील कुमार-कुमारींचे संघ बाहेरून गडी आणून उभे करता येत नाहीत. ते आळीतच वाढवावे लागतात.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 साली या खेळाच्या नियमांस आकार देण्यास आरंभ केला. सोलापुरास तो फार मानवला. 1877 साली येथे पहिली कापडगिरणी निघाली. गिरण्यांमागून चाळी आल्या, आणि मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू बोलणारी कुटुंबे शेजारी नांदू लागली. मोठ्या गिरण्या पुढे बंद पडल्या; यंत्रमाग आणि विड्या वळणे यांवर अनेक घरे चालली. अशा घरातील मुलास बॅट किंवा पॅड घेऊन देणे सोपे नव्हे. खो-खोला दोन खांब, चुन्याची पूड आणि 27 मीटर लांब व 16 मीटर रुंद जागा पुरते. (‘खो’ या शब्दाचे भाषांतरही कोणास करावे लागत नाही!)

जिल्ह्यातही हीच आवड आहे. पंढरपूर तालुक्यातील वाडीकुरोली आणि माळशिरस तालुक्यातील वेळापूर ही गावे खो-खोसाठी ओळखली जातात.

तथापि जागा सांभाळणे हेच कठीण काम होय. सोलापूरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात पायाला चिकटते. तीवर मुरूम घालून, पाणी मारून, दाबून मैदान राखावे लागते, आणि हे काम बहुधा माजी खेळाडूंच्याच माथी येते. मुलींच्या संघाची तर आणखी एक अट असते: सराव संपल्यावर त्या सुखरूप घरी पोचतील असा भरवसा आईबापांना वाटला पाहिजे. तो नसेल तर उत्तम शिक्षक असूनही ओळीतील एक जागा रिकामी राहते, आणि एका रिकाम्या जागेने सारी साखळी तुटते.

आता मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीस झालेली पहिली विश्वचषक स्पर्धाही मॅटवरच झाली; भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरविले. मातीत अनवाणी वाढलेल्या पायाला मॅटवर बूट घालून वळण घेणे नव्याने शिकावे लागते. खांबाजवळ घेतलेली झेपही निराळी पडते. मॅटची किंमत आळीच्या वर्गणीतून निघणारी नव्हे. जिल्ह्याच्या ठिकाणी कुमारांना सरावापुरती एक मॅट खुली करून देणे, हा खर्च बक्षीस-समारंभांच्या मंडपाहून खचितच अधिक उपयोगी ठरेल.