नेम मोडतो तो क्षण

पाडव्याच्या मुहूर्तावर साखर सोडण्याचा किंवा पहाटे फिरावयास जाण्याचा नेम आपल्या घरांतून पुष्कळजण धरितात. आणि अक्षय्यतृतीया उजाडण्यापूर्वींच कित्येकांचा तो मोडलेला असतो. कारण विचारावें तर "मनोनिग्रह कमी पडला" हें उत्तर ठरलेलें. आम्हांस तें पुरेसें वाटत नाहीं. नेम मोडतो तो बहुधा भुकेमुळें नव्हे. राग, चिंता, कंटाळा किंवा एकटेपणा यांच्या एखाद्या क्षणीं मोडतो. तो क्षण आधीं ओळखतां आला, तर अर्धें काम झालें.

आमच्या थोरल्या वहिनींना तीन वर्षांपूर्वीं मधुमेह असल्याचें आढळलें. डॉक्टरांनीं आहार आंखून दिला व रोज अर्धा तास चालावयास सांगितलें. दुपारपर्यंत सर्व यथास्थित चाले. परंतु पुढें घर शांत होई. सूनबाई कामावर, नातवंडें शाळेंत, परदेशीं असलेल्या धाकट्या मुलाचा फोन नाहीं. अशा वेळीं वहिनींचा हात आपोआप लाडवांच्या डब्याकडे वळे. मग "आज नेम मोडलाच, तर आतां फिरणें तरी कशाला?" असें म्हणून संध्याकाळचें चालणेंही राही. बुडत्याचा पाय खोलांत म्हणतात तो असा.

हा अनुभव एकट्या वहिनींचा नव्हे. हर्मन व मॅक या मानसशास्त्रज्ञांनीं १९७५ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत कांहीं तरुणींना आधीं मिल्कशेक दिला व नंतर आइस्क्रीम हवें तितकें खाण्याची मुभा दिली. ज्या एरवीं आहारावर निर्बंध ठेवीत नसत, त्यांनीं मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लें. निर्बंध पाळणाऱ्यांनीं मात्र उलट अधिक खाल्लें. नेम एकदां मोडला असें वाटतांच संयमाचा बांधच फुटतो, तो असा.

वस्तुतः एका चुकीचें इतकें भय बाळगण्याचें कारण नाहीं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ९६ व्यक्तींच्या नव्या सवयींचा १२ आठवडे मागोवा घेतला. २०१० सालच्या त्यांच्या निबंधाप्रमाणें सवय अंगवळणीं पडण्याचा मध्यम काळ ६६ दिवसांचा निघाला. कोणास १८ दिवस पुरे, तर कोणास २५४ दिवस लागतील असा हिशेब होता. परंतु मधून एखादी खेप चुकल्यानें सवय जडण्यास म्हणण्यासारखी बाधा आली नाहीं.

वहिनींनीं प्रथम आठ दिवस एका वहींत टिपून ठेविलें: डबा कितीं वाजतां उघडला, तेव्हां मनांत काय होतें. चार ते पांच हीच वेळ पुनःपुन्हा आली. मग त्यांनीं एकच वाक्य लिहिलें: "चार वाजतां मन उदास झालें, तर चपला घालून बाहेर पडेन." 'जर असें झालें, तर असें करीन' अशी आधींच केलेली योजना नुसत्या संकल्पापेक्षां अधिक पार पडते, हें पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञानें १९९९ सालच्या आपल्या निबंधांत दाखविलें आहे.

घरच्यांचाही यांत वांटा असतो. सूनबाईंनीं डबा वरच्या फळीवर ठेविला. "एका लाडवानें काय होतें?" हा आग्रह आम्हीं सोडला, आणि "आज पुन्हां खाल्लेंत ना?" हा टोमणाही सोडला. टोमण्यानें मनुष्य खजील होतो, आणि खजील झालेलें मन पुन्हां डब्याकडेच धांवतें.

दोन गोष्टी मात्र ध्यानांत ठेवाव्या. इन्शुलिन घेणाऱ्यांनीं चुकीची भरपाई म्हणून मनानेंच जेवण टाळूं नये; तसें करणें धोक्याचें आहे. आणि उदासपणा आठवडेच्या आठवडे सरत नसेल, तर तो स्वभाव न समजतां डॉक्टरांस सांगावा.

वहिनींचा नेम अजूनही अधूनमधून चुकतो. गेल्या दिवाळींत तर सलग तीन दिवस चुकला. चौथ्या दिवशीं चार वाजतां त्या चपला घालून दाराशीं उभ्या होत्या, आणि "कोणी येतां का बरोबर?" असें विचारीत होत्या. आम्ही गेलों.