तळ्याकाठचे देवभात

एकाच आळीतील मुले एकाच महिन्यात चालू लागत नाहीत. कोणी नवव्या महिन्यातच पाऊल टाकते, तर कोणी दीड वर्षाचे होईतो भिंतीचा आधार सोडीत नाही. प्रत्येकाची घडण निराळी असते, हे आईबाप जाणतात. रानात आपोआप उगवणाऱ्या वनस्पतींचेही असेच आहे. एका तळ्याकाठचे देवभात दुसऱ्या तळ्याकाठच्या देवभातासारखे दिसले, तरी दोहोंचे गुण एकच असतील असे नाही. हा फरक किती मोलाचा ठरतो, हे पुढील हकीकतीवरून ध्यानात येईल.

देवभात म्हणजे रानटी भात होय. संस्कृतात त्यास नीवार म्हणतात. उन्हाळ्यात आटणाऱ्या डबक्यांत, तळ्यांच्या काठी व ओहोळांत ते वाढते. त्याच्या दाण्यास लांब कुसळ असते व दाणा पिकताच गळून चिखलात पडतो. सर्व दाणे एकदम रुजत नाहीत. काही पहिल्या पावसाने उगवतात, तर काही मातीत पडून राहतात. एखाद्या वर्षी पावसाने ओढ दिली, तरी वंश बुडत नाही.

लागवडीच्या भाताचे तसे नाही. हजारो वर्षे मनुष्याने न गळणारे, एकदम उगवणारे व एकदम पिकणारे दाणेच बियाण्यासाठी राखले. त्यामुळे उत्पन्न वाढले, कापणी सुलभ झाली. परंतु या निवडीत कित्येक गुण मागे राहिले. त्यातून आज मोठाल्या क्षेत्रावर एकाच वाणाची लागवड होते. अशा शेतात एका रोपास जो रोग लागतो, तो सर्वच रोपांस लागू शकतो.

१९७० नंतरच्या वर्षांत याचा कटू अनुभव आला. फिलिपीन्स, इंडोनेशिया इत्यादी देशांत भातावर एका विषाणूचा रोग पसरला. तपकिरी तुडतुडे तो एका रोपावरून दुसऱ्या रोपावर नेतात. रोगट रोप खुरटते, त्यास गवताप्रमाणे असंख्य फुटवे येतात, पाने अरुंद व फिकट होतात आणि लोंब्या जवळजवळ धरतच नाहीत. त्या वेळच्या कोणत्याही सुधारित वाणात या रोगास तोंड देण्याची शक्ती नव्हती.

फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आपल्या संग्रहातील लागवडीच्या व रानटी भाताचे सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. त्यांपैकी केवळ एका नमुन्यात प्रतिकारशक्ती आढळली. तो नमुना १९६३ साली उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या नीवाराचा होता. त्याच प्रजातीच्या इतर नमुन्यांत मात्र तो गुण नव्हता.

हा गुण एकाच प्रभावी जनुकामुळे येतो, असे दिसून आले. डॉ. गुरुदेव खुश व त्यांच्या सहकाऱ्यांनी या नीवाराचा लागवडीच्या भाताशी संकर केला. संकरित रोपांचा पुन्हा पुन्हा चांगल्या वाणांशी संकर करून दाणे गळण्यासारखे रानटी दोष काढून टाकले व प्रतिकारशक्ती तेवढी राखली. यातून सिद्ध झालेल्या वाणांपैकी आय. आर. ३६ हा वाण १९७६ साली प्रसृत झाला. पुढील दशकात जगात सुमारे १ कोटी १० लाख हेक्टरांवर त्याची लागवड होत असे. उत्तर प्रदेशातील ते देवभात गोळा होण्यापूर्वीच नष्ट झाले असते, तर हा गुण कोठून मिळाला असता?

यावरून देवभात शेतात वाढू द्यावे, असा अर्थ कोणी घेऊ नये. भातखाचरात ते तणच आहे. ते पिकाचे अन्न खाते, त्याचे दाणे गळून पुढील वर्षी तण वाढते आणि पिकाशी संकर होऊन बियाणे बिघडते. म्हणून फुलोऱ्यापूर्वीच ते उपटावे. कोवळेपणी दोन्ही रोपे सारखी दिसतात. यासाठी जांभळ्या पानांचा वाण लावल्यास हिरवे देवभात चटकन ओळखता येते. तसेच रोपे लावून केलेल्या भातात पेरभातापेक्षा या तणाचा उपद्रव कमी होतो.

परंतु खाचरातील तण काढणे निराळे आणि तळ्याकाठचे देवभात समूळ नाहीसे करणे निराळे. तळे बुजविताना, काठ खणताना किंवा तणनाशक फवारताना तेथे देवभात आहे काय, हे प्रथम पाहावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील अशा जागांची नोंद ठेवावी व एखादी जागा जाणारच असेल, तर त्यापूर्वी कृषी विद्यापीठास कळवावे. दाणे पिकताच गळतात, म्हणून योग्य वेळी बी गोळा करणे अगत्याचे असते. दिल्ली येथील राष्ट्रीय जनुक पेढीत असे बी शून्याखाली १८ अंश तापमानात दीर्घकाळ राखता येते.

शेतकऱ्यांच्या या कामाची दखल कायद्यानेही घेतली आहे. पिकांचे रानटी सोयरे किंवा जुने गावठी वाण जतन करून निवडीने सुधारणाऱ्या शेतकऱ्याची सामग्री नवीन वाणासाठी उपयोगी पडल्यास, २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यान्वये तो सन्मान व पारितोषिकास पात्र ठरतो.

ऋषिपंचमीस नांगराविना आलेले अन्न सेवन करण्याची चाल आपल्याकडे आहे व त्या दिवशी देवभातास मान असतो. त्या एका दिवसाचा मान वर्षभर राखावा. पुढे कोणता रोग येईल व त्यावरचा गुण कोणत्या तळ्याच्या काठी असेल, हे आधी कळत नाही. म्हणून प्रत्येक तळ्याचा काठ जपला पाहिजे.