गाजरगवत आणि कातडीतले पहारेकरी

पावसाळ्यात पारशिवनीच्या आसपास शेतांच्या धुऱ्यांवर पाहा. बारीक पांढऱ्या फुलांचे गाजरगवत माजलेले दिसेल. मूळचे अमेरिका खंडातले हे तण १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात नजरेस आले आणि बघता बघता देशभर पसरले. वर्षानुवर्षे ते उघड्या हातांनी उपटणाऱ्या एखाद्याच्या मानेवर, पापण्यांवर एके दिवशी लाल चट्टे उठतात, खाज सुटते. लोक म्हणतात, रक्त बिघडले. रक्ताचा यात काही दोष नाही. पण मग इतकी वर्षे झाले नाही ते आताच का?

कातडीच्या सर्वांत वरच्या थरात फांद्या फुटलेल्या काही पेशी विखुरलेल्या असतात. १८६८ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने सोन्याच्या क्षाराने त्या रंगवून पाहिल्या. फांद्यांमुळे त्याला त्या मज्जापेशी वाटल्या. त्या रोगप्रतिकाराचे काम करतात हे कळायला पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली!

ही पेशी कामाला कधी लागते? वीजमंडलात दोन कळा एकसर जोडल्या, तर दोन्ही दाबल्याशिवाय दिवा लागत नाही. येथेही तसेच आहे. पहिली कळ परक्या पदार्थाची. गवतातील पार्थेनिनचा रेणू इतका लहान की एकटा तो ओळखू येत नाही; पण तो कातडीतल्या प्रथिनाला चिकटतो आणि मग आपलेच प्रथिन परके दिसू लागते. दुसरी कळ धोक्याची. शेजारच्या पेशींना इजा झाली की त्या रासायनिक संदेश सोडतात. इजा नसेल तर परका पदार्थ शरीर बहुधा सोसून घेते. पार्थेनिन मात्र दोन्ही कळा स्वतःच दाबते.

मग ती पेशी फांद्या आखडून घेते, जागा सोडते आणि लसिकावाहिनीतून काखेतल्या किंवा मानेतल्या गाठीत जाते. (जखम चिघळल्यावर अवधाण येते ते अशाच गाठींना.) तेथे ती परक्या प्रथिनाचा तुकडा टी-पेशींना दाखवते. असंख्य टी-पेशींपैकी मोजक्यांनाच तो जुळतो. त्या भराभर वाढतात आणि त्यांतल्या काही पुढे वर्षानुवर्षे टिकतात. कातडीच्या खालच्या थरातल्या भावंडपेशीही हेच काम करतात. या तयारीला दीड-दोन आठवडे लागतात, पण बाहेर काहीच दिसत नाही. ती पहिल्या हंगामात होईल की दहाव्या, हे माणसागणिक बदलते. म्हणून हातमोजे घालायचे ते खाज सुटण्याआधी.

तयारी झाल्यावर पुढच्या स्पर्शाने एक-दोन दिवसांतच चट्टे उठतात. त्याला गवत हातात धरावेच लागते असे नाही. वाऱ्यावर उडणारा वाळलेल्या गवताचा भुगाही पुरतो. पापण्यांवर चट्टे येतात ते त्यामुळेच.