शेवट आधीच माहीत असतो तेव्हा...

रायगडाच्या रोपवेचं खालचं स्टेशन जिथं आहे, त्या हिरकणीवाडीतून आजचा एपिसोड. इयरफोन घरी राहिले असतील तर इथं वाचा. विषय आहे, मालिकेचा शेवटचा भाग लक्षात का राहतो?

आधी एक गंमत. रोजच्या मालिकेला मुळात शेवट नसतोच. टीआरपी आहे तोवर गोष्ट चालते. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, भाग तीन हजारांच्या वर. नावातले चार दिवस अकरा वर्षांचे झाले! मग कधीतरी चॅनेल म्हणतं, आटपा. लेखक बिचारा काय करणार? खलनायिका दोन दिवसांत सुधारते, अडलेलं लग्न लागतं, सगळे एकत्र फोटो काढतात. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, रिलीजच्या आदल्या रात्री सगळे बग 'क्लोज' करून टाकायचे.

आता उलटं उदाहरण. अमेरिकेतली 'मॅश'. कोरियाचं युद्ध तीन वर्षं चाललं, त्यावरची मालिका अकरा वर्षं! पण शेवट पहिल्या दिवसापासून ठरलेला. युद्ध थांबणार, माणसं घरी जाणार. २८ फेब्रुवारी १९८३ चा तो अडीच तासांचा भाग दहा कोटींहून जास्त लोकांनी पाहिला.

आपल्याकडे असा शेवट म्हणजे झी मराठीची 'स्वराज्यरक्षक संभाजी'. सप्टेंबर २०१७ ला सुरू, २९ फेब्रुवारी २०२० ला समाप्त. राजांचं काय होणार हे शाळकरी पोरालाही पाठ होतं. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला कैद, ११ मार्चला हत्या. म्हणजे 'पुढे काय?' हा प्रश्नच नाही. प्रश्न होता, दाखवायचं किती? घरात लहान पोरं, म्हातारी माणसं एकत्र बसून बघतायत. छळ पडद्यावर दाखवू नका, अशी जाहीर मागणीही झाली. अडीच वर्षं अमोल कोल्हेंना रोज राजांच्या रूपात बघितलेल्या घरांसाठी ती नुसती 'सीन'ची बाब नव्हती.

आता आमच्या गावाकडून बघा. राजे गेले तरी गोष्ट इथं संपली नाही. त्याच मार्चमध्ये मोगलांचा वेढा या डोंगराला पडला. येसूबाई आणि लहानगे शाहू वर गडावर. एप्रिलमध्ये राजाराम महाराज बाहेर पडले, नोव्हेंबरात गड पडला, आणि येसूबाई कैदेत गेल्या. त्या परतल्या १७१९ मध्ये. तीस वर्षांनी!

म्हणून मला वाटतं, चांगला शेवट म्हणजे सगळ्या गाठी सोडवणं नव्हे. कुठं थांबायचं ते लेखकाने स्वतः निवडलं, असं आपल्याला जाणवलं पाहिजे. संभाजीराजांपाशी थांबलात तर ती बलिदानाची गोष्ट. येसूबाई परतेपर्यंत चाललात तर ती टिकून राहण्याची गोष्ट. इतिहास तोच, मालिका मात्र दोन.

तुम्ही लेखक असता तर कुठं थांबला असता? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो.