बाहेर लटकलेली बी

आंब्याची कोय आंब्याच्या आत, फणसाची आठळी गऱ्याच्या आत, पेरूच्या बिया तर इतक्या आत की दातांतून कोरून काढाव्या लागतात. काजूच्या झाडाला मात्र ही रीत मान्य नाही. त्याची बी फळाच्या बुडाशी, उघड्यावर, वाऱ्यावर लोंबत असते. वेंगुर्ल्याकडच्या माझ्या सासरच्या माणसांना यात काही विशेष वाटत नाही. माझं सगळं बालपण पुण्यात गेलं. तिथे काजू म्हणजे दिवाळीच्या डब्यातली पांढरी चंद्रकोर, एवढीच माहिती. त्यामुळे पहिल्यांदा झाडावर तो लालपिवळा प्रकार पाहिला तेव्हा, देवाने घाईत आत घालायची गोष्ट बाहेरच ठेवली की काय, असं मला वाटलं होतं.

खरी गोष्ट याहून मजेची आहे. बी फळाबाहेर नाहीच. आपण जिला बी म्हणतो तेच काजूचं खरं फळ, आंब्याच्या जातकुळीतलं, कठीण कवचाचं. त्याच्या आतला गर म्हणजे बी. आणि ज्याला आपण फळ समजून मीठ लावून खातो तो बोंडू म्हणजे नुसता देठ! फुगलेला, रसाळ, सुवासिक देठ. फेब्रुवारीत बागेत गेलात तर हे डोळ्यांनी दिसतं. हिरवीगार बी पूर्ण वाढून बसलेली असते आणि तिच्या डोक्यावर करंगळीएवढासुद्धा बोंडू नसतो. सगळा जीव आधी बीमध्ये ओतायचा, आणि ती तयार झाली की शेवटच्या थोड्या दिवसांत देठात साखर आणि पाणी भरून तो फुगवायचा, असा या झाडाचा क्रम आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर रात्री मिळतं. वटवाघळं वासावर येतात, बोंडू तोडतात, दूरच्या झाडावर नेऊन उलटी लटकून निवांत चोखतात आणि बी खाली टाकून देतात. कोकणात वटवाघळांच्या बसायच्या झाडाखाली सकाळी बिया वेचायला जाणारी मुलं असतात. एकही काजू न लावता त्यांना काजूचं उत्पन्न मिळतं. वाहतुकीचं भाडं झाड बोंडूच्या रूपाने चुकतं करतं. माल मात्र कुणी फोडू नये म्हणून त्याला विषारी वेष्टण घालतं.

ही युक्ती किती जुनी आहे ते कळल्यावर मी थक्क झाले होते. जर्मनीत दार्मस्टाट शहराजवळ मेसेल नावाची जुनी खाण आहे. तिथल्या थरांत काजूच्या एका नातेवाइकाचे जीवाश्म सापडले, त्यांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. वय सुमारे 4 कोटी 70 लाख वर्षं, आणि बीला जोडलेला फुगीर देठ तेव्हाही होता! त्या काळी जर्मनीचं हवामान आपल्या कोकणासारखं दमट आणि उष्ण होतं. मेसेलमध्ये वटवाघळांचेही सुंदर जीवाश्म मिळालेत. दोन्हींची जोडी लावायचा मोह होतो, पण ती वटवाघळं किडे खाणारी होती. तेव्हा तो देठ कुणासाठी फुगत होता, हा प्रश्न मी अधूनमधून भाजी चिरताना स्वतःला विचारत असते.

आता ते विषारी वेष्टण. काजूच्या कवचात मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, पोकळ्यापोकळ्यांचा एक थर असतो आणि त्यात तपकिरी, चिकट, जळजळीत तेल भरलेलं असतं. त्यात अॅनाकार्डिक आम्ल असतं, कार्डॉल असतं. त्वचेला लागलं की फोड येतात, कातडी काळी पडून सालपटं निघतात. हे सगळं खानदानच तिखट आहे. आंब्याचा चीक ओठाला लागून उठणारा फोड त्याच घराण्याचा. धोब्याच्या खुणेचा बिब्बा त्याच घराण्यातला, आणि जपानी लाखेचं झाडही. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना बिब्ब्याची गोडंबी आठवेल: बाहेर कातडी जाळणारं तेल, आत लाडवात घालायचा गोड गर. काजूने तेच केलंय, फक्त त्याला बाजारभाव जास्त मिळाला.

हे तेल वाया जात नाही. तापवलं की त्यातलं आम्ल बदलून कार्डॅनॉल बनतं, त्यापासून कठीण राळ होते आणि तिची भुकटी वाहनांच्या ब्रेकच्या अस्तरात घालतात, कारण ती घर्षणाची उष्णता सोसते. रंगांत आणि जहाजांच्या लेपांतही हे तेल जातं. म्हणजे कोकणातला घाट उतरताना आपल्या हातात काजूच्या वड्यांचा पुडा असतो आणि चाकांपाशी त्याच फळाचं कवच गाडी थांबवण्याचं काम करत असण्याची चांगलीच शक्यता असते.

घरी सुक्या बिया भाजायच्या तर त्या आवारात, स्वयंपाकघरात कधीच नाही. भोकं पाडलेला पत्र्याचा डबा चुलीवर ठेवायचा, बिया टाकायच्या आणि लांब काठीने ढवळत राहायचं. थोड्याच वेळात कवचातलं तेल चिरकांड्या उडवत पेट घेतं, काळा धूर निघतो, डोळे चुरचुरतात. नेमक्या क्षणी डबा मातीवर उपडा करून वर राख टाकायची. एक क्षण उशीर झाला तर आतला गर कोळसा होतो. दुकानात ‘कच्चे काजू’ म्हणून मिळतात तेही कच्चे नसतात. कवच फोडण्याआधी बिया वाफेवर शिजवलेल्या असतात, नाहीतर पुढे त्यांना हातच लावता आला नसता. पाकिटावरचा डब्ल्यू-320 हा आकडाही साधा आहे: एका पौंडात जास्तीत जास्त 320 अख्खे गर बसतात. डब्ल्यू-180 म्हणजे आकार मोठा, आणि भावही मोठा.

पण सासरी खरा मान ओल्या काजूगरांना. शिमग्याच्या आधीपासून बाजारात बायका पाण्यात घातलेले गर घेऊन बसतात आणि ते वजनावर नाही, शेकड्यावर विकतात. प्रत्येक गरामागे आदोळीवर चिरलेली एक हिरवी बी असते आणि चिरणारीच्या बोटांवर चिकाचे काळे डाग. हाताला खोबरेल चोळलं, राख फासली, तरी ते डाग मोसम संपेपर्यंत जात नाहीत. भावात घासाघीस करणाऱ्या पाहुण्यांनी आधी ती बोटं पाहावीत, असं माझं मत आहे. हे गर कोमट पाण्यात टाकले की सालं सुटतात. मग बटाट्याच्या फोडी, ओल्या खोबऱ्याचं भाजलेलं वाटप, गरम मसाला. या उसळीचा रस काही न घालता दाट होतो. त्याचं कारण काजूतच आहे. बदाम-अक्रोडात पिठूळ अंश जवळजवळ नसतो. काजूच्या गरात मात्र वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका स्टार्च असतो. शिजताना तो फुगतो आणि रस्सा धरून ठेवतो. हॉटेलातल्या पनीरची ग्रेव्ही म्हणूनच काजूवर चालते. काजूकतली मैदा-मावा न घालता नुसत्या पाकात गोळा होऊन येते तीही याच जोरावर. मिक्सर मात्र थांबत थांबत फिरवावा. सलग फिरवला की तेल सुटतं आणि मग कतलीचा लगदा होतो.

ही उसळ अस्सल कोकणी, आपलीच, याबद्दल माझ्या मनात कधी शंका नव्हती. मग आम्ही ब्राझीलला गेलो.

काजूचं माहेर तिथलं, ईशान्य ब्राझीलच्या किनाऱ्यावरचं. तुपी लोक वर्षं मोजायचे ती काजूच्या मोसमांवरून. आंद्रे थेवे या फ्रेंच प्रवाशाच्या 1558 सालच्या पुस्तकात काजूचं झाड आणि त्याचा रस पिळणारी माणसं यांचं चित्र आहे. पुढे सतराव्या शतकात तिथल्या डच गव्हर्नराने काजूचं झाड तोडणाऱ्याला शंभर फ्लोरिनचा दंड लावला होता. पोर्तुगीजांनी हे झाड इकडे आणलं. नेमकं कधी, याचा अंदाज दोन पुस्तकांवरून बांधता येतो. 1563 साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथात काजू नाही. 1578 साली क्रिस्तोव्हाँव द कोस्ताने मात्र कोचीनला पाहिलेल्या काजूचं वर्णन केलंय. म्हणजे आपल्या ‘कोकणच्या मेव्या’चं वय साडेचारशे वर्षांच्या आसपास.

नाताल शहराजवळ पिरांजी गावात एक काजूचं झाड आहे. एकच झाड, पण सुमारे साडेआठ हजार चौरस मीटरवर, म्हणजे दोन एकरांहून जास्त जागेवर पसरलेलं. त्याच्या फांद्या स्वतःच्या ओझ्याने जमिनीला टेकतात, तिथे मुळं धरतात आणि पुन्हा पुढे निघतात. तिकीट काढून आत शिरलं की आपण बागेत नाही, एकाच झाडात हिंडतोय, हे मनाला पटवावं लागतं. जगातलं सर्वांत मोठं काजूचं झाड म्हणून गिनेसने त्याची नोंद केली. आता पियाउई राज्यातले लोक आपलं झाड त्याहून मोठं असल्याचा दावा करतात. या भांडणात मला तरी कुणाची बाजू घ्यायची नाही. आम्ही गेलो तो डिसेंबर होता. इकडे कोकणात मोहोर फुटायचे दिवस, तिकडे फळांचा भर. आणि रस्त्याच्या कडेला एक बाई भोकांच्या पत्र्यावर बिया भाजत होती. तोच काळा धूर, तीच लांब काठी!

पण खरा धक्का बसला तो बाहियात, साल्वादोरच्या एका खाणावळीत. तिथे कोवळ्या, हिरव्या काजूगरांना मातुरी म्हणतात. त्यांची मोकेका करतात: कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, पामचं लालभडक तेल आणि नारळाचं दूध. पामचं तेल सोडलं तर मी वेंगुर्ल्यातच जेवत होते.

उसळ तिकडून आली की मोकेका इकडून गेली? दोन्ही नाही, असंच मला वाटतं. त्याहून सुंदर गोष्ट घडलीय. काजू मुळात आपला नाही, आणि नारळ मुळात त्यांचा नाही. कोलंबसापूर्वी ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यावर नारळ नव्हता. पोर्तुगीजांनी तो हिंदी महासागरातून उचलून आधी केप व्हर्दे बेटांवर आणि तिथून सोळाव्या शतकात बाहियाला नेला. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या नारळांच्या जनुकीय अभ्यासातही अटलांटिकचे नारळ हिंदी महासागराच्या घराण्यातलेच ठरले. काजू तिकडून इकडे, नारळ इकडून तिकडे. मग दोन किनाऱ्यांवरच्या, एकमेकींचं नावही न ऐकलेल्या बायकांनी, बाहियात तर बहुतेक आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या, आपापल्या ओळखीच्या जिनसाबरोबर हा परका जिन्नस एकाच भांड्यात शिजवला. मला या जेवणाने सहलीतल्या सगळ्या समुद्रकिनाऱ्यांपेक्षा जास्त आनंद दिला.

फरक आहे तो बोंडूच्या बाबतीत. आपण बी पिरगळून घेतो आणि बोंडू झाडाखाली कुजायला टाकतो. संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असलेला हा देठ एका दिवसात नासतो, हे त्याचं दुर्दैव. तेरेखोलपलीकडे गोव्यात त्याची कदर आहे. झाडावरून न तोडता, पिकून आपणहून पडलेले बोंडू वेचतात, तुडवतात, रस आपोआप आंबू देतात. पहिल्या धारेचा उर्राक, पुन्हा गाळली की फेणी. फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ब्राझीलमध्ये मात्र काजू म्हटलं की आधी आठवतो तो रसच. पियाउईची काजुईना तर न आंबवता केलेलं पेय: रसातला घशाला ओढणारा तुरटपणा जिलेटिन घालून खाली बसवायचा, निवळ गाळून बाटलीत भरायची आणि बंद बाटल्या गरम पाण्यात तापवत ठेवायच्या. रसातली साखर करपण्याच्या अलीकडे थांबते आणि रंग मधासारखा येतो. 2014 साली ब्राझीलने तिच्या परंपरेला राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता दिली.

जिलेटिन सासरच्या स्वयंपाकघरात चालणार नव्हतं. पण केरळातल्या काजू-संशोधकांनी यावर शाकाहारी उपाय काढलाय तो साबुदाण्याचा. लिटरभर रसाला 5 ग्रॅम साबुदाण्याची शिजवून गार केलेली पेज घालायची आणि रात्रभर भांडं हलवायचं नाही. तुरटपणाचे टॅनिन स्टार्चला चिकटून तळाशी बसतात. मे महिन्यात पाटीभर बोंडू पिळून मी ते केलं. सकाळी तळाशी मळकट साका, वर पारदर्शक पिवळा रस. निवळ हलक्या हाताने ओतून घेतली, बाटल्या भरल्या, मोठ्या पातेल्यात पाण्यात उभ्या केल्या आणि मधाचा रंग चढेपर्यंत मंद आच ठेवली. स्वयंपाकघरात गुळाच्या गुऱ्हाळासारखा वास सुटला. गार झाल्यावर पहिला पेला सासूबाईंना दिला आणि पियाउई, जिलेटिन, टॅनिन, राष्ट्रीय वारसा असं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे पेला संपवला, तोंड पुसलं आणि विचारलं, “नि बियो खंय ठेवलंस?”