भूमिगत पाण्याची मोजदाद

तळ्याचें पाणी कमी होऊं लागलें म्हणजे तें सर्वांस दिसतें. पायऱ्या उघड्या पडतात, धुणें घेऊन आलेल्या बायका आपसांत बोलूं लागतात, आणि गांवांतील चार वडीलधारी माणसें कांहींतरी तजवीज करावयास निघतात. भूमीच्या पोटांतील पाण्याचें तसें नाहीं. तें आटत असतांना वरचें रान हिरवेंगार असूं शकतें. पंपाचें बटण दाबलें कीं धार पडते, आणि धार पडते तोंवर पाणी किती खोल गेलें याची चौकशी कोणी करीत नाहीं. पृथ्वीवर द्रवरूपांत असलेल्या गोड्या पाण्यापैकीं शेंकडा ९९ भाग भूमीखालीं आहे. आणि जगांत दरसाल उपसल्या जाणाऱ्या भूजलाचा सुमारें चौथा हिस्सा एकटा भारत उपसतो. हा न दिसणारा सांठा मोजण्याची विद्या कोणाच्या हातीं असावी, हा प्रश्न त्यामुळें येथें फार निकडीचा आहे.

भूमीखालून नद्या वाहतात, अशी समजूत फार जुनी आहे. चुनखडीच्या प्रदेशांत ती कांहीं अंशीं खरी ठरते. दख्खनच्या पठारावर मात्र ती फसवी आहे. महाराष्ट्राचा सुमारें चार-पंचमांश भाग काळ्या कातळानें व्यापलेला आहे, तर आंध्र व तेलंगणाचा पुष्कळसा भाग ग्रॅनाइटसारख्या कठीण पाषाणाचा आहे. असला दगड स्वतः पाणी पीत नाहीं. पाणी राहतें तें वरच्या झिजलेल्या मुरुमांत आणि खालच्या भेगांत, व तेंहि अगदीं बेताचें. शंभर घनमीटर मुरुमांतून साधारणतः दोन घनमीटरच पाणी विहिरीस मिळतें, असें धरून चालतात.

याचा अर्थ हिशेब केल्यावांचून उमगत नाहीं. १०० हेक्टरांच्या शिवारांत भूजलाची पातळी एक मीटरनें उतरली, तर २०,००० घनमीटर, म्हणजे २ कोटी लिटर पाणी निघालें. आंकडा मोठा वाटतो खरा. परंतु उन्हाळी भाताच्या एका हेक्टरास सुमारें १२,००० घनमीटर पाणी लागतें. तेव्हां शंभर हेक्टरांखालचें हें मीटरभर पाणी दोन हेक्टर भातासहि पुरत नाहीं! तेंच हरभऱ्यास दिलें, तर हेक्टरीं २,५०० घनमीटरांच्या मानानें आठ हेक्टर भिजतात. पाणाड्या विहिरीची जागा दाखवून आपली दक्षिणा घेऊन जातो. हा हिशेब त्याच्या नारळांत नसतो.

हा हिशेब शेतकऱ्यांनीं स्वतःच मांडावा, असा एक मोठा प्रयोग २००३ च्या सुमारास त्या वेळच्या आंध्र प्रदेशांत सुरू झाला. अनंतपूर, चित्तूर, कडप्पा, कर्नूल, प्रकाशम्, महबूबनगर व नलगोंडा या सात अवर्षणग्रस्त जिल्ह्यांतील सहाशेंहून अधिक गांवें त्यांत होतीं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचा त्यास हातभार होता. गांवांच्या शिवेपेक्षां ओढ्याच्या पाणलोटास महत्त्व देऊन शेतकरी स्त्री-पुरुषांचीं मंडळें बनविलीं गेलीं. कारण पाणी ग्रामपंचायतीची हद्द ओळखत नाहीं. त्यांना जें शिकविलें तें साधें होतें. पर्जन्यमापकांतील पाऊस रोज मोजावयाचा. ठरविलेल्या विहिरींची पातळी दर पंधरवड्यास पाहावयाची. बोअरची धार ठराविक मापाच्या भांड्यांत धरून तें भरण्यास किती सेकंद लागले तें घड्याळावर टिपावयाचें. वीस लिटरांची बादली दहा सेकंदांत भरली, तर तासाला ७,२०० लिटर झाले. पुढें पंप किती तास चालतो याचा गुणाकार ज्याचा त्यानें करावा. हे आंकडे गांवांत सर्वांस दिसतील असे फळ्यावर मांडले जात, आणि रब्बीच्या तोंडावर सभा भरून खालीं पाणी किती व पेरणीचे बेत किती पाण्याचे, यांचा ताळा पाहिला जाई.

या सभेंत कोणासहि मनाई केली जात नसे, हें विशेष होय. भात लावूं नका, असा हुकूम सुटत नसे. तूट किती, एवढेंच समोर येई, आणि निर्णय घरीं जाऊन ज्यानें त्यानें घ्यावयाचा. तरीहि अनेक ठिकाणीं भाताखालील क्षेत्र आक्रसलें व कमी पाण्याचीं पिकें वाढलीं. फेब्रुवारींत आपलेंच उभें पीक वाळणार, हें नोव्हेंबरांत कळल्यावर शहाणा मनुष्य आणखी कशाची वाट पाहील? देशांत आज दोन कोटींहून अधिक विहिरी व बोअर आहेत. प्रत्येक पंपावर शिपाई उभा करणें कोणत्याहि सरकारास साधणारें नाहीं. महाराष्ट्रानें २००९ सालीं भूजलाचा कायदा केला तो योग्यच होय; पण मोजणाराच नसेल तर कायद्यानें धरावें कोणास?

या प्रयोगाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. प्रकल्पाची मुदत संपून बाहेरची मदत थांबल्यावर पुष्कळ गांवीं नोंदी मंदावल्या, असें पुढें पाहणी करणाऱ्यांस आढळलें. पाणी मोजण्याची कला माणूस विसरत नाहीं; विसरते ती दर पंधरवड्यास उठून विहिरीवर जाण्याची संवय. सभा कोण बोलावणार, बिघडलेला पर्जन्यमापक कोणाच्या पैशानें दुरुस्त होणार, असल्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर सारें अडतें.

अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार येथें या गोष्टी गांवानेंच अंगावर घेतल्या, आणि तेथील हिशेब टिकला तो त्यामुळेंच असें दिसतें. १९९० च्या सुमारास सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें तेथें डोंगरउतारावर चर खोदून पाणी जिरविण्याचें काम सुरू झालें. पण नुसतें जिरवून भागत नाहीं, हें त्या गांवानें लौकर ओळखलें. शेतीसाठीं बोअर घ्यावयाचा नाहीं, ऊंस व केळी लावावयाची नाहींत, असें ग्रामसभेनें ठरविलें. पावसाची बेरीज सभेपुढें येते. प्रथम पिण्याचें पाणी, मग गुरांचें, आणि उरेल त्यावर पिकें. पाऊस कमी पडला कीं दुसऱ्या पिकास कात्री लागते. आंध्रांतल्यापेक्षां ही रीत कडक आहे. परंतु बंधन घालणारे आणि पाळणारे एकाच सभेंत शेजारीं बसतात.

शहरांतील बिऱ्हाडांस हें दूरचें वाटेल. वस्तुतः नळाचें पाणी कमी पडूं लागल्यापासून कित्येक इमारतींच्या आवारांत बोअर झाले आहेत, आणि त्यांतील पाण्याची पातळी विचारली तर बहुधा कोणीच सांगूं शकणार नाहीं. ती पाहण्यास यंत्र लागतेंच असें नाहीं. आवारांत जुनी विहीर असेल तर पोलादी फितीस वजन बांधावें, खालच्या दोन-तीन मीटरांस खडू चोळावा, आणि फीत कांठापासून एखादा पूर्ण मीटर धरून पाण्यांत सोडावी. खडू जितका भिजला तितकी लांबी त्यांतून वजा केली कीं पाण्याची खोली मिळते. बोअरमध्यें पंप असल्यास फीत अडकते, म्हणून शेजारीं एक अरुंद नळी बसवून घ्यावी लागते. माप सकाळीं, पंप सुरू होण्यापूर्वीं, महिन्याच्या ठराविक तारखेस घ्यावें आणि तेथेंच वहींत लिहावें. वही मात्र चिटणिसाच्या कपाटांत न ठेवतां जिन्याखालीं खिळ्यास टांगावी.