ठरले की ठरविले?

इंग्रजी शिकू लागल्यावर थोड्याच दिवसांत 'डिसाइड' या शब्दाशी आपली गाठ पडते. शब्दकोश उघडावा, तर 'ठरविणे' असा अर्थ दिलेला आढळतो. विद्यार्थी तो पाठ करतो आणि आपले काम झाले असे समजतो. पण भाषांतर करावयास बसले, म्हणजे खरी अडचण सुरू होते.

"तिने डॉक्टर होण्याचे ठरविले." या वाक्यात पाठ केलेला अर्थ चपखल बसतो. परंतु "न्यायाधीशांनी खटला ठरविला" असे कोणी म्हणत नाही. आपण "खटल्याचा निकाल दिला" असे म्हणतो. "शेवटच्या धावेने सामना ठरविला" हेही कानाला खटकते. "शेवटच्या धावेने सामन्याचा निकाल लागला" हे खरे मराठी वाक्य. दुकानात दोन सदरे हाती घेऊन उभा राहिलेला मुलगा म्हणतो, "कोणता घ्यावा, माझे काही ठरत नाही." इंग्रजीत या चारही ठिकाणी 'डिसाइड' हे एकच क्रियापद चालते.

त्या क्रियापदामागून येणारे लहानसे शब्दही अर्थ फिरवितात. पुढे 'टु' आला, तर एखादी गोष्ट करण्याचे ठरविणे. 'ऑन' आला, तर अनेकांतून एकाची निवड करणे. आणि 'अगेन्स्ट' आला, तर ती गोष्ट न करण्याचे ठरविणे. तेव्हा 'डिसाइडेड अगेन्स्ट गोइंग' याचे भाषांतर "जाण्याविरुद्ध ठरविले" असे नव्हे, तर "न जाण्याचे ठरविले" असे होईल. शब्दाचा अर्थ शब्दकोशात सापडतो. त्याचा उपयोग मात्र वाक्यातच कळतो.

एकाच क्रियेकडे निरनिराळ्या भाषा कशा निरनिराळ्या दृष्टीने पाहतात, हेही येथे दिसते. 'डिसाइड' हा शब्द मूळ लॅटिन भाषेतला. त्याचा मूळ अर्थ 'कापून टाकणे' असा आहे. एक वाट धरली, की दुसरी तोडावी लागते, हे चित्र त्यामागे उभे राहते. आपल्या 'ठरणे' या शब्दातले चित्र वेगळे आहे. अतिशय तेजस्वी वस्तूवर 'नजर ठरत नाही' असे आपण म्हणतो. ठरणे म्हणजे स्थिर होणे. इकडून तिकडे धावणारे मन अखेर एका जागी स्थिरावते, तेव्हा आपले 'ठरते'. 'निवाडा' हा शब्द 'निवडणे' या क्रियापदाच्या कुळातला. तांदळातले खडे निवडावे, तसे खऱ्यातून खोटे वेगळे काढणे, हा त्याचा भाव.

म्हणूनच हे शब्द एकमेकांच्या जागी वाटेल तसे घालता येत नाहीत. साधकबाधक विचार करून आपण घेतो तो निर्णय. मनाशी पक्का बांधतो तो निश्चय, आणि संकटे आली तरी ढळत नाही तो निर्धार. सभेचा तो ठराव. तो कोणीतरी मांडावा लागतो, त्याला अनुमोदन मिळावे लागते आणि तो संमत व्हावा लागतो. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर काँग्रेसच्या महासमितीने 'छोडो भारत'चा ठराव संमत केला. पण त्यापायी तुरुंगात जाण्याचा निर्धार ज्याचा त्याला करावा लागला. वादाचा होतो तो निवाडा. मराठेशाहीत गावोगावच्या वादांचा निवाडा गोतसभा करीत असे आणि तो ज्या कागदावर लिहिला जाई, त्यास महजर म्हणत. आज पुष्कळजण प्रत्येक ठिकाणी "डिसाइड केले" म्हणून मोकळे होतात. बोलणे त्याने अडत नाही. पण निर्णय, निश्चय आणि निवाडा यांतला भेद मात्र पुसून जातो.

आता मराठीतल्या दोन अगदी साध्या रूपांकडे पाहा : 'ठरले' आणि 'ठरविले'. "ताईचे लग्न ठरले" या वाक्यात 'ठरले' शोभते, कारण दोन्ही घरांच्या संमतीने ती गोष्ट झालेली असते. पण समजा, खेळाच्या संघातून एका मुलाला वगळले. तो विचारतो, "मला का घेतले नाही?" उत्तर मिळते, "तसे ठरले." कोणी ठरविले? सगळेच गप्प! 'ठरले' या शब्दाआड ठरविणारा लपून बसतो आणि ज्याच्यावर अन्याय झाला, त्याला दाद मागावयास कोणीच सापडत नाही. 'ठरविले' म्हटले, की कर्ता सांगावाच लागतो.

पेशवाईतील न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांची कथा येथे आठवते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्यांचे चुलते रघुनाथराव यांच्याकडे सत्ता आली. रामशास्त्र्यांनी चौकशी केली. दोष खुद्द रघुनाथरावांकडेच जात होता. या अपराधास देहान्त प्रायश्चित्तच आहे, असे शास्त्रीबुवांनी त्यांना तोंडावर सांगितले, अशी आख्यायिका आहे. 'असे ठरले आहे' एवढे पुटपुटून त्यांना बाजूस होता आले असते. त्यांनी तसे केले नाही. निवाडा त्यांचा होता आणि तो त्यांनी आपल्या मुखाने सांगितला.

निर्णय चुकू शकतो. परंतु "हे मी ठरविले" असे जो म्हणतो, त्याला त्याचे कारण विचारता येते आणि चूक पटल्यावर तो ती सुधारूही शकतो. म्हणून पुढच्या वेळी "ठरले" असे लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा : ते कोणी ठरविले? उत्तर 'मी' असे असेल, तर वाक्यातही 'मी' लिहा.